निवृत्तीनंतर शिडाची बोट आणि टुरिस्ट बोटीवरचं अर्धवेळ काम (मंचावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शिडातला वारा

निवृत्त झाल्यावर पाण्याकडे वळायचं अनेकांच्या मनात असतं. काही जण लगेच मोठी बोट बघायला लागतात, काही जण ‘आता या वयात कुठे’ म्हणून किनाऱ्यावरच थांबतात. मी यातलं काहीच केलं नाही आणि मला ते फार मानवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी घडी अशी आहे. आठवड्यातले मोजके दिवस एका टुरिस्ट बोटीवर काम. बाकीच्या दिवसांत वारा चांगला असेल तेव्हा आपली लहानशी शिडाची बोट. टुरिस्ट बोटीवर मी खलाशी आहे, कप्तान नाही. दोर घ्यायचा, फेंडर (बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून मध्ये सोडायच्या उशा) सोडायचे, माणसं चढवायची-उतरवायची, लाइफजॅकेटचे पट्टे आवळलेत का ते बघायचं, आणि फेरी सुरू असताना दिसेल त्याची माहिती सांगायची. कप्तानाचा परवाना मिळवण्याइतकी पात्रता असली तरी निवृत्तीत हेच काम धरावं, असं माझं ठाम मत आहे. बोट धक्क्याला लागली तरी कप्तानाचं काम सुटत नाही. उद्याचं हवामान, इंजिनचा बदललेला आवाज, नोंदवही, विमा, सगळं तो घरी घेऊन जातो. आयुष्यभर आपण हेच केलं. खलाशाचं काम अंगमेहनतीचं असतं, पण संध्याकाळी शेवटचा दोर गुंडाळला की संपतं.

आता शिडाबद्दल. शीड भरतं, बोट किंचित कलते आणि तुम्ही इंजिन बंद करता, त्या घटकेसाठी मी काहीही सोडून येईन. एकदम पाणी ऐकू यायला लागतं. दोर किती ताणलाय ते हाताला कळतं, बोट वाऱ्यावर नीट बसली आहे की नाही ते पाठीला कळतं. आणि घाई करायची सोयच नाही! शिडाच्या साध्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. पाण्यात २५ फूट असलेली बोट साधारण ६.७ नॉटला अडते. म्हणजे तासाला बारा-साडेबारा किलोमीटर, सावकाश सायकल चालवणाऱ्याइतकं. वारा वाढला म्हणून ती फार पुढे जात नाही, आपलीच लाट आपल्यापुढे ढकलत राहते. नोकरीत ज्यांनी वेळेमागे धाव घेतली त्यांना या आकड्यात केवढा दिलासा आहे, हे पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही कामं एकमेकांना पूरक आहेत. टुरिस्ट बोट दिवसभर पुन्हा पुन्हा धक्क्याला लागते. हौशी माणूस मोसमात जेवढ्या वेळा बोट धक्क्याला लावतो, तेवढा सराव इथे थोडक्या दिवसांत बघायला मिळतो. स्प्रिंगचा दोर (बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरका बांधायचा) आधी लावला तर बोट कशी आपसूक धक्क्याला चिकटते, उजव्या फिरकीचा पंखा (प्रोपेलर) उलटा फिरवला की मागची बाजू डावीकडे का सरकते, हे सगळं नजरेत बसतं. उलट शीड चालवणाऱ्याला वाऱ्याची चाहूल आधी लागते. पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला की कप्तानाला सांगावंसं वाटतं, आणि चांगला कप्तान ते ऐकतो.

इथे आणखी कोणी असं करतंय का? कसं जमवता?

इंजिनरूम

+१. पूर्ण सहमत.

माझी नोकरी मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. इतकी वर्षं समुद्रात काढली, पण समुद्र बघितला तो शिडाच्या बोटीवर आल्यावर. खाली आम्हाला फक्त आवाज आणि उष्णता.

दोन गोष्टी माझ्या बाजूने. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर ते सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) चालवायचा आणि इंजिनाच्या कप्प्यात नाक घालून वास घ्यायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि वरून काही कळत नाही. इंधन भरल्यावर तर हे हवंच. प्रवासी वाट बघत उभे असले तरी चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं.

दुसरं, शीड वर आहे पण इंजिनही चालू आहे, तर १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तुम्ही इंजिनची बोट आहात. शिडाच्या बोटीला इतरांनी वाट द्यायचा मान तुम्हाला नाही. दिवसा पुढे टोक खाली असलेला काळा शंकू लावायचा असतो, म्हणजे लांबच्यालाही ते कळतं. हौशी लोक हा शंकू विकत घेतात आणि लॉकरमध्ये ठेवून देतात. लावत जा.

सत्तावन्न

सुंदर लिहिलंय. माझी निवृत्ती जवळ आली आहे. पोहता येतं, पण शिडाला आजवर हात लावलेला नाही. आता सुरुवात करणं उशिराचं होईल का? प्रामाणिक उत्तर हवंय, उत्साह वाढवायला म्हणून नको.

गणिताची बाई

@सत्तावन्न, प्रामाणिक उत्तर: उशीर झालेला नाही, पण कुठून सुरुवात करता याला महत्त्व आहे.

आधी उदाहरणं. जीन सॉक्रेटिस या ब्रिटिश बाई पन्नाशीच्या आसपास शीड चालवायला शिकल्या. २०१९ साली वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांनी एकटीने, कुठेही न थांबता आणि कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. फ्रान्सिस चिचेस्टर ऑगस्ट १९६६ मध्ये निघाले तेव्हा ६४ वर्षांचे होते. पासष्टावा वाढदिवस समुद्रात झाला, वाटेत फक्त सिडनीला थांबले आणि मे १९६७ मध्ये परतले. जपानचे केनिची होरी तर २०२२ मध्ये ८३ व्या वर्षी एकटे सॅन फ्रान्सिस्कोहून निघून पॅसिफिक ओलांडून जपानला पोहोचले. साठ वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, ऐन तारुण्यात त्यांनी हाच महासागर उलट दिशेने पार केला होता.

ही असामान्य माणसं आहेत आणि आपल्याला पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाही, हे मान्य. पण शीड चालवण्यात ताकदीपेक्षा क्रम आणि अंदाज जास्त लागतो, हे त्यांच्याकडून नक्की कळतं. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर शिकले. मनगटात जोर नाही. विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या रुळावर) दोराचे वेढे नीट घातले (नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने) आणि बोट क्षणभर वाऱ्याकडे वळवून शिडावरचा ताण काढला की मला जमतं ते दोन तरण्याबांड पोरांना ओढून जमत नाही. ताण असताना ओढायचंच नाही. ताण सुटतो ती वेळ ओळखायची.

सुरुवात लहान डिंगीत, म्हणजे एक-दोन माणसांच्या हलक्या उघड्या शिडाच्या बोटीत करा. मोठी बोट चुका पोटात घालते, डिंगी लगेच सांगते. तुम्ही जरा चुकीच्या जागी बसलात की ती कलते, सुकाणू जरा जास्त फिरवलं की थबकते. तिच्यात एक मोसम काढलात की वारा कुठून येतोय हे गालाला कळायला लागेल. मात्र डिंगी उलटते आणि पाण्यात पडावं लागतं. गुडघे किंवा पाठ नाजूक असेल तर कील (तळाखालचं जड पातं) असलेली उघडी लहान बोट बघा. ती सहसा उलटत नाही आणि शिकवते जवळपास तेवढंच.

स्थितप्रज्ञ

मी जरा वेगळं मत मांडतो.

आवडीच्या गोष्टीचे पैसे घेतले की ती आवड राहत नाही, हे मी जवळच्या अनेकांच्या बाबतीत बघितलंय. ‘थोडेच दिवस’ म्हणून सुरू होतं, मग सुट्ट्यांच्या गर्दीत माणूस कमी पडतो आणि मालकाचा फोन येतो. सुंदर वारा सुटलेला असतो आणि तुम्ही मात्र प्रवाशांना ‘कृपया बसून घ्या’ सांगत असता. निवृत्तीत हातात उरलेली खरी गोष्ट वेळ. ती दुसऱ्याच्या वेळापत्रकाला का द्यायची? ज्यांना पैशाची गरज आहे त्यांचं वेगळं. गरज नसेल तर शीड चालवावं, वाटलं तर क्लबात मुलांना फुकट शिकवावं. काम नको.

शिडातला वारा

@स्थितप्रज्ञ, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, फक्त निष्कर्ष पटत नाही.

मी जे विकतो ते शीड नाही. टुरिस्ट बोट इंजिनवर चालते, ठरलेल्या वाटेने जाते, ठरलेल्या वेळी परत येते. माझ्या शिडाच्या बोटीवर मी पैसे घेऊन कुणालाही नेत नाही आणि नेणारही नाही. माझ्या लेखी ही रेषा पक्की आहे, आणि ती कायद्यालाही धरून आहे. बहुतेक देशांत भाडं घेऊन माणूस बसवला की बोट व्यावसायिक ठरते. मग वेगळा परवाना, बोटीची तपासणी, वेगळा विमा. हौशी बोटीचा विमा अशा वेळी हात वर करतो. ‘डिझेलपुरते द्या’ असं म्हणतानासुद्धा आपल्याकडचा नियम आधी वाचावा.

आणि वेळ दुसऱ्याला द्यावा लागतो हे खरंच आहे. पण सगळाच वेळ आपला असला की तो कसा सांडतो हे निवृत्तीच्या पहिल्या वर्षात मी अनुभवलं. उद्या जाऊ, परवा जाऊ. कामाच्या दिवशी सकाळी कुणीतरी माझी वाट बघतंय म्हणून मी धक्क्यावर असतो, आणि धक्क्यावर असलो की दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज आपोआप घेतला जातो. बोटीवर तरुण मुलं आहेत, माझ्या नातवंडांपेक्षा थोडीच मोठी. ती मला ‘काका, दोर’ म्हणतात आणि मी दोर घेतो. माझ्या जुन्या हुद्द्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. यात मला जे मोकळं वाटतं ते मी पैशात मोजत नाही.

मालकाच्या फोनबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. मोसम सुरू होण्याआधीच दिवस लिहून द्यायचे. आणि ‘नाही’ म्हणायचं ते पहिल्याच फोनला. पाचव्या फोनपर्यंत थांबलात की नाही म्हणणं जड जातं.

डॉक्टरकाकू

धागा आवडला. वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मी स्वतः शीड चालवते, त्यामुळे ‘जाऊ नका’ असं सांगायला आलेले नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बूमपासून (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यापासून) डोकं सांभाळणं ही सगळ्यात पहिली गोष्ट. वारा मागून असताना बोट अवचित वळली की बूम एका बाजूकडून दुसरीकडे सपकन येते. तरुणाला टेंगूळ येईल तिथे गोळी घेणाऱ्याच्या कवटीत रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसतात. डोक्याला लागलं असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका, दवाखान्यात जा. बूमला अडकवून ठेवणारा दोर वाऱ्याच्या पुढे जाताना लावाच. शक्य असेल तर वारा थेट पाठीवर न घेता जरा तिरका घ्या. शीडही शांत राहतं.

बोट लागण्यावर, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळण्यावर, कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी मिळते. वय वाढलं की तिच्याने काहींना भ्रम होतो, लघवी अडकते, काचबिंदूच्या एका प्रकारात ती धोक्याची ठरते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, आणि पहिल्यांदा लावायची तर जमिनीवर असताना लावून बघा. बरेचदा नजर क्षितिजावर ठेवून, उघड्यावर उभं राहून, हातात सुकाणू घेतलं तरी पोट शांत होतं.

थंड पाणी. माणूस थंड पाण्यात पडला की मरतो तो लगेच गारठून, असा समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि तोंडात पाणी जातं. त्यातून वाचलात तर हातापायांत उपयोगाची ताकद सुमारे दहा मिनिटं राहते. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. १-१०-१ असं लक्षात ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर ते पहिलं मिनिटच सगळ्यात कठीण. म्हणून लाइफजॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) पोहणाऱ्याला आधार देणारं असतं. १५० न्यूटनचं बेशुद्ध माणसालाही तोंड वर राहील असं वळवण्यासाठी बनवलेलं असतं. पन्नाशीनंतर उघड्या पाण्यावर दुसरंच घ्यावं असं माझं मत.

डोळे: पाण्यावरून परतणारं ऊन टोपी अडवत नाही, त्यामुळे पोलराइज्ड चष्मा चांगला. पण त्यातून काही चार्टप्लॉटरचे (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या यंत्रांचे) पडदे एका कोनात पूर्ण काळे दिसतात, हे घेताना तपासा. आणि अंधाराला डोळा सरावायला वयानुसार जास्त वेळ लागतो. रात्री निघायचं असेल तर आधी अर्धा तास पांढरे दिवे बंद.

तोल. हे मी सगळ्यात शेवटी लिहितेय पण रोजचं हेच आहे. घरी एका पायावर उभं राहायचा सराव ठेवा, भिंतीशेजारी. टुरिस्ट बोटीवर काम करणाऱ्यांनी तर चुकवूच नका. हलत्या डेकवरून स्थिर धक्क्यावर पाऊल टाकण्यात माणसं पडतात. उडी कधीच नको.

नवखा

डॉक्टरकाकू, हे छापून बोटीत लावतोय.

भरतीओहोटी

टुरिस्ट बोटीवर काम करणाऱ्या निवृत्तांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे तुमच्या वयाचा खरा उपयोग प्रवासी मोजण्यात आणि कप्तानाला थांबवण्यात आहे.

२ ऑक्टोबर २००५ ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर ‘ईथन ॲलन’ नावाची टुरिस्ट बोट उलटली. सरोवर, दिवसाची वेळ, हवा चांगली. बोटीवर ४७ प्रवासी होते, बहुतेक ज्येष्ठ नागरिक. २० जण गेले. चौकशीत निघालं ते असं की बोटीत नंतर बदल करूनही तिची स्थिरता नव्याने तपासलीच नव्हती आणि तिला परवानगी होती तेवढी माणसं ती सुरक्षितपणे नेऊ शकत नव्हती. प्रत्येक प्रवाशाचं सरासरी वजन १४० पौंड धरलेलं होतं, ते जुनं गणित होतं. पुढे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ते १८५ पौंडांवर नेलं.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. बोट उलटते ती बहुतेक वेळा वादळाने नाही, वजन चुकीच्या जागी गेल्याने. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात. वरच्या मजल्यावर माणसं उभी राहिली की गुरुत्वमध्य वर चढतो. तळात पाणी साचलेलं असेल तर तेही कललेल्या बाजूलाच वाहतं आणि बोट आणखी कलवते. म्हणून तळातलं पाणी निघायच्या आधी बघायचं, आणि पाहण्यासारखं काही आलं की माहिती सांगणाऱ्याने आधीच म्हणायचं, ‘बसून राहा, आधी या बाजूला दाखवतो, मग बोट वळवून त्या बाजूला.’ एवढ्या एका वाक्याने गर्दी थांबते.

मोजणी चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा करायची. कडेवरचं मूलसुद्धा एक. आणि आकडा मनात नाही, कागदावर. शेवटची फेरी आहे, चार माणसं जास्त झाली आहेत, मालक म्हणतोय घ्या, अशा वेळी विशीतला खलाशी गप्प बसतो, कारण त्याला नोकरी हवी असते. तुम्हाला पेन्शन आहे. तुम्ही बोला. हा अधिकार फार मोठा आहे आणि तो वापरायचा असतो.

इंजिनरूम

शेवटच्या परिच्छेदासाठी उभं राहून नमस्कार.

शांतगाठ

मीही निवृत्तीनंतर फेरीवर माहिती सांगण्याचं काम करते. भरतीओहोटी यांनी गंभीर बाजू मांडली, मी माणसांची मांडते, कारण माझ्यासाठी या कामाचा गाभा तोच आहे.

बोटीवर आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस थोडा बदललेला असतो. पाय हलत्या जमिनीवर असतात, त्यामुळे हुद्दा, ऐट, सगळं जरा सैल होतं. एखादे आजोबा पहिल्यांदा पाण्यावर येतात आणि मुलांसमोर घाबरलेलं दाखवायचं नाही म्हणून कठडा घट्ट धरून उभे राहतात. अशांना मी काम देते. ‘काका, जरा या मुलाकडे लक्ष ठेवाल का?’ म्हणते आणि दोघांना मधोमध, खाली, मागच्या बाजूला बसवते. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. दहा मिनिटांत ते त्या मुलाला क्षितिज दाखवायला लागतात.

माहिती कमी सांगायला शिकले. सुरुवातीला मी थांबतच नसे, इतिहास, आकडे, पक्ष्यांची नावं. आता इंजिनचा वेग कमी होईपर्यंत बोलत नाही. मग एखादीच गोष्ट, पण पूर्ण सांगते. उदाहरणार्थ, दुपारी वारा पाण्याकडून का येतो? जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. रात्री जमीन लवकर निवते आणि उलटा, मतलई वारा सुटतो. हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. पण गालावर वारा लागत असताना ऐकलं की लोक एकदम किनाऱ्याकडे वळून बघतात, जणू तापलेली जमीन दिसणार आहे. तो प्रश्न परीक्षेत लिहिलेला आणि इथे प्रत्यक्ष भेटलेला, याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो.

एकदा एक दृष्टिहीन मुलगी आली होती. तिला मी कठड्याजवळ, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) बसवलं आणि फक्त दिशा सांगत गेले: आता बोट वळतेय, आता वारा उजव्या कानावर येईल. वारा आला की ती हसायची. फेरी संपल्यावर तिने मला भरती चालू आहे की ओहोटी ते विचारलं, आणि विचारण्याआधी स्वतःचा अंदाज सांगितला. धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटण्याचा आवाज जाताना आणि येताना वेगळा होता म्हणे. अंदाज बरोबर होता. तेव्हापासून मीही तो आवाज ऐकते.

स्थितप्रज्ञ, तुमचं म्हणणं मी समजू शकते. पण हे सगळं मला फक्त शीड चालवून मिळालं नसतं.

स्थितप्रज्ञ

शांतगाठ, हे वाचून थोडा नरमलो. मत तेच आहे, पण नरमलो.

सत्तावन्न

सगळ्यांचे आभार. पुढचा प्रश्न: बोट विकत घ्यावी का? एक जुनी तीस फुटी मिळतेय, मालक म्हणतो सगळं ठीक आहे.

मतलई

नका घेऊ. निदान पहिली दोन वर्षं नको.

ज्यांच्याकडे बोटी आहेत त्यांना माणसं हवी असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी मोकळा असलेला, वेळेवर येणारा, सांगितलेलं ऐकणारा आणि उतरल्यावर डेक धुवायला थांबणारा माणूस कुठल्याही क्लबात सोन्यासारखा जपतात. वेगवेगळ्या बोटींवर फिरा. कुठल्या आकाराची बोट आपल्याला झेपते, आपल्याला शर्यत आवडते की निवांत फिरणं, रात्री बोटीवर झोपायला आवडतं की नाही, हे कळायला दुसऱ्यांच्या बोटी लागतात.

घ्यायचीच वेळ आली तर लहान घ्या. लांबी दीडपट झाली की वजन दीडपट होत नाही, साधारण तिपटीच्या वर जातं, कारण ते लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. शीड, नांगर, दोर, रंग, सगळा खर्च आणि सगळं ओझं त्याच्या मागोमाग. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेयरकडून तपासून घ्या. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा केव्हा बदलल्या ते विचारा. त्या बाहेरून चकचकीत दिसतात आणि टोकाशी आतून तुटत असतात. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर बदलायच्या म्हणूनच हिशेब धरा.

आणि सगळे दोर कॉकपिटपर्यंत (सुकाणूशी बसायच्या जागेपर्यंत) आणलेले असावेत. पुढचं शीड गुंडाळता येणारं असावं. विंच सेल्फ-टेलिंग (दोर स्वतःच धरून ठेवणारी) असावी, म्हणजे एका हाताने फिरवता येते. सांधे दुखायला लागल्यावर बोट सोडायची की चालू ठेवायची हे या गोष्टी ठरवतात.

किनाऱ्यावरची

आमच्याकडे शीड यांचं. मी सोबतीला जाते, मला त्याचं वेड नाही. पण सोबतीला जाणाऱ्यांनी काय शिकावं हे कुणीच लिहिलेलं नाही.

विचार करा, चालवणारा माणूसच पाण्यात पडला किंवा छातीत कळ येऊन बसला तर? मी यांना स्पष्ट सांगितलं की मला तीन गोष्टी येईपर्यंत मी बोटीवर पाऊल ठेवणार नाही. बोट थांबवणं, इंजिन सुरू करणं आणि रेडिओवर मदत मागणं. बोट वाऱ्याकडे तोंड करून वळवली, दोर सोडले की शीड फडफडतं आणि ती मंदावते, हे मी स्वतः करून शिकले. रेडिओ चॅनेल १६, तीनदा ‘मेडे’, बोटीचं नाव, आपण कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं. हे कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवलंय, कारण त्या वेळी आठवत नाही.

पाण्यात पडलेल्या माणसापर्यंत बोट नेणं एक वेळ जमतं, त्याला वर घेणं जमत नाही. भिजलेले कपडे, थकलेलं शरीर. आमच्या बोटीला मागे शिडी आहे, तिचं खालचं टोक पाण्यात खोलवर जातं आणि पाण्यातल्या माणसाला ती स्वतः खाली ओढता येते. तुमच्या बोटीची शिडी फक्त वरूनच सोडता येत असेल तर ती आधी बदला.

हे एकटे जातात तेव्हा मला परतायची वेळ सांगून जातात, आणि त्या वेळेनंतर किती थांबून फोन करायचा तेही ठरलेलं आहे. त्यामुळे मी घरी निर्धास्त असते. बायकोला, नवऱ्याला, मुलांना एवढं तरी द्या.

शिडातला वारा

@किनाऱ्यावरची, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी आहे. शिडीचं आजच तपासतो.

वाऱ्याबद्दल एक पुरवणी, सत्तावन्न यांच्यासाठी. फ्रान्सिस बोफर्टने १८०५ मध्ये आखलेली मोजपट्टी पाठ करा. ३ म्हणजे ७ ते १० नॉट, लाटांना कुठे कुठे पांढरे तुरे. ४ म्हणजे ११ ते १६, पांढरे तुरे बरेच. ४ पर्यंत आनंद, ५ ला शीड आखडायचं (उघडं शीड कमी करायचं), ६ चा अंदाज असेल तर घरी चहा, ही माझी पद्धत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून शीड आखडू का, असा विचार मनात आला की तेव्हाच आखडायचं. पाठीवर वारा घेऊन जाताना तो कमी भासतो, परत फिरल्यावर तोच अंगावर येतो. निघताना परतीचा वारा मोजा.

सत्तावन्न

तीस फुटी बोटीला ‘नाही’ असं कळवलं. डिंगीच्या वर्गात नाव घातलंय, पुढच्या महिन्यात सुरू. घरी बसून आत्ताच काय करता येईल?

गणिताची बाई

अभिनंदन! दोराचा एक तुकडा घ्या आणि बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) शिका. आधी बघून, मग डोळे मिटून, मग अंगाभोवती एका हाताने. त्यानंतर क्लीटवरची (दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटीवरची) गाठ. क्लीटच्या लांबच्या टोकाला आधी वेढा, मग आठचा आकडा, शेवटी एक उलटा फास. वेढ्यांचा ढीग करू नका, घाईत सोडवताना त्रास होतो.

भरतीओहोटी

आणि बाराचा नियम. भरतीच्या सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी चढतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, प्रवाहही तेव्हाच जोरात असतो. ढोबळ आहे, सगळीकडे लागू पडत नाही, पण अंदाजाला उत्तम.

इंजिनरूम

पहिल्या दिवशी अंगठी आणि घड्याळ घरी ठेवून जा. चालत्या दोरात अंगठी अडकली तर हाताचं बोट जातं. बुटांचे तळवे डेकवर न घसरणारे हवेत, आणि धक्का व बोट यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालायचा नाही. तिथे फेंडर घाला. वर्ग झाल्यावर इथे येऊन कळवा, वारा किती होता तेही लिहा.